रविवारचा व्यायाम : अर्धशक्ती, श्रमश्वास व पादांशिक क्रम

स्थौल्य, प्रमेह, मलावष्टंभ, निद्रानाश यांपैकी कोणताही रुग्ण असो, केसपेपरवरील शेवटची ओळ बहुधा एकच असते : ‘रोज अर्धा तास चालणे.’ ही ओळ मीही वर्षानुवर्षे लिहीत आलो. रुग्ण तिचा अर्थ कसा लावतो, हे मला एका रुग्णाने शिकविले.

रुग्ण पुरुष, वय ४४ वर्षे, राहणार बोरिवली, फोर्ट भागात बैठी नोकरी. सकाळी पावणेआठची लोकल, रात्री साडेआठला घरी. मेदोवृद्धी, रक्तदाब किंचित अधिक, पित्यास प्रमेह. माझ्या त्या ओळीवरून त्याने सरळ हिशेब मांडला. रोज अर्धा तास म्हणजे आठवड्याचे साडेतीन तास. सोमवार ते शनिवार सवड नाही. तेव्हा सर्व बाकी रविवारी एकदम चुकती करावी. मे महिन्यातील एका रविवारी सोसायटीतील तरुणांबरोबर तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत, म्हणजे सुमारे सहा किलोमीटर, चालत गेला आणि चालतच परतला. चढावर धाप लागली. परंतु तरुणांसमोर थांबणे कमीपणाचे वाटल्याने तोंड मिटून, श्वास आवरून तो चालत राहिला. परतताना छातीत आवळल्यासारखे झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोमवारी तो ‘गॅस झाला’ म्हणून माझ्याकडे आला. ई.सी.जी. पाहताच त्यास हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठविले. एका धमनीत अवरोध आढळला व वेळेवर उपचार झाले. त्याच्या हिशेबात चूक काढणे सोपे आहे. पण मात्रा न सांगता औषध लिहिले होते ते मी.

एकाच अध्यायातील तीन सूत्रे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय, नवेगान्धारणीय, आपण सर्वांनी प्रथम वर्षातच अभ्यासलेला असतो. वेगधारणाचा अध्याय म्हणून तो पाठ होतो व तेथेच राहतो. वरील रुग्णाच्या निमित्ताने तो पुन्हा वाचला, तेव्हा या रुग्णास आवश्यक त्या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र दिसल्या.

पहिली गोष्ट श्रमजन्य श्वासाची. तेरा अधारणीय वेगांत त्याची गणना आहे आणि तो रोखल्यास गुल्म, हृद्रोग व संमोह होतात असे सांगितले आहे. उपचार म्हणून विश्रांती व वातघ्न क्रिया सांगितल्या आहेत. मूत्र, पुरीष, क्षवथु यांविषयी आपण रुग्णास आवर्जून विचारतो. धाप लागल्यावर तुम्ही थांबता की रेटता, हा प्रश्न मात्र मी तोवर कोणास विचारला नव्हता. समवयस्कांबरोबर, त्यातही तरुणांबरोबर व्यायाम करणारा मध्यमवयीन पुरुष हा वेग हमखास धारण करतो.

दुसरी गोष्ट व्यायामाची व्याख्या. शरीरास स्थैर्य देणारी, बल वाढविणारी, इष्ट अशी चेष्टा म्हणजे व्यायाम, आणि तो मात्रेनेच करावयाचा. ‘इष्ट’ या विशेषणामुळे भार वाहण्यासारखे नाइलाजाचे कष्ट व्यायामातून वगळले जातात. मुलुंडच्या एक नोकरदार भगिनी मला म्हणाल्या होत्या, ‘‘डॉक्टर, रविवारी माझा व्यायामच व्यायाम असतो.’’ आठवड्याचे कपडे, बाजारहाट, मासळी साफ करणे, दुपारी आलेगेले. हा श्रम होय. यातून लाघव येत नाही, क्लम येतो. अशा स्त्रीला आणखी तासभर चालण्यास सांगण्यापूर्वी घरातील अन्य व्यक्तींना बोलावून रविवारच्या कामाची वाटणी करवून घेणे, हीही चिकित्साच आहे. (हे सांगताना पतिराजांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.)

तिसरी गोष्ट म्हणजे पादांशिक क्रम. व्यायामानंतर लगेच, त्याच अध्यायात, अहित सवय चतुर्थांशाने सोडावी व हितकर सवय चतुर्थांशाने स्वीकारावी असा क्रम दिला आहे. आपण तो मद्य, तमाखू, अपथ्य आहार यांच्या त्यागासाठी सांगतो. परंतु पाच-सहा दिवस आसनसुख आणि एका दिवशी अतिव्यायाम, हीदेखील एक सात्म्य झालेली अहित सवयच आहे व ती याच क्रमाने सोडवावी लागते.

अर्धशक्ती कशी मोजावी

वाग्भटांनी दिनचर्याध्यायात बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या व्यक्तीने शीतकाळात व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, अन्य ऋतूंत त्याहून कमी करावा, असे म्हटले आहे. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात बलार्धाचे लक्षण दिले आहे : हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास सुरू होणे. कपाळ, नाक, काखा येथे घाम व मुखशोष ही लक्षणेही आपण शिकलो. येथे उपनगरातील वैद्यास एक सावधगिरी हवी. मे महिन्यात अंधेरीच्या फलाटावर नुसते उभे राहिले तरी हा सर्व घाम येतो! आपल्या दमट हवेत स्वेद हे लक्षण भरवशाचे नाही. श्वासावरच निर्णय करावा. चालता चालता एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता येणे बंद झाले, की अर्धशक्ती झाली असे रुग्णास सांगावे. हे त्याला लगेच समजते.

रुग्णास प्रथम नेहमीच्या गतीने चालावयास लावून ही मर्यादा किती मिनिटांनी येते ते मी नोंदवितो. चाळिशी ओलांडलेल्या, प्रमेह, रक्तदाब किंवा हृद्रोगाचा कुलवृत्तान्त असलेल्या व्यक्तीस त्यापूर्वीच आवश्यक तपासण्या व तज्ज्ञाचा सल्ला घ्यावयास लावावे. नोंदलेली मिनिटे हीच त्याची मात्रा. ती बारा मिनिटे निघाली तर बारा मिनिटेच लिहावीत, अर्धा तास लिहू नये.

आधुनिक संशोधनाचे काय?

रविवारचा व्यायाम निरर्थक असतो, असे मात्र आपण सांगू नये. ते खरे नाही. इंग्लंड व स्कॉटलंडमधील त्रेसष्ट हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१७ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आठवड्यातून एक-दोनदाच व्यायाम करणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण निष्क्रिय व्यक्तींपेक्षा कमी आढळले. २०२३ साली ‘जामा’मध्ये ब्रिटनमधीलच सुमारे नव्वद हजार व्यक्तींचा अभ्यास आला. त्यात मनगटावरील यंत्राने हालचाल मोजली होती, आणि एक-दोन दिवसांत व्यायाम एकवटणाऱ्यांना हृद्रोग व पक्षाघातापासून मिळणारे संरक्षण रोज करणाऱ्यांसारखेच दिसले. रुग्ण वृत्तपत्रात हे वाचून येतात. परंतु दुसऱ्या अभ्यासातील व्याख्या पाहावी. आठवड्याच्या एकूण व्यायामापैकी निम्मा किंवा अधिक एक-दोन दिवसांत करणारे, असा तो गट होता. म्हणजे त्यातील अनेकांची उर्वरित हालचाल इतर दिवसांत विभागलेली होती. सहा दिवस खुर्चीत बसून सातव्या दिवशी कान्हेरीला जाणाऱ्यास हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे आणि एका वेळी किमान दहा मिनिटे हवीतच ही पूर्वीची अट काढून टाकली आहे. ही शिथिलता आपल्या लोकलप्रवासी रुग्णांच्या फार उपयोगाची आहे. स्थानकाचा पादचारी पूल चढण्याची तीन मिनिटेही आता हिशेबात धरता येतात.

शनिवार-रविवारची आखणी

उपनगरातील सुटी ही सुटी नसते. शनिवारी रात्री लग्नाचे स्वागत, रविवारी मेगाब्लॉकमुळे लवकर निघणे, बारशी, साखरपुडे, आणि उशिराचे जड जेवण. म्हणून मी आदल्या रात्रीच्या जेवणावरून सुरुवात करतो. अजीर्णात व्यायाम निषिद्ध आहे. शनिवारी अकरा वाजता पनीर, पुलाव व आइसक्रीम घेतलेल्या व्यक्तीने रविवारी सहा वाजता धावावयास जाऊ नये. उद्गारशुद्धी व क्षुधा यांची वाट पाहावी, तोवर उष्णोदक घ्यावे, व व्यायाम सायंकाळी अर्ध्या मात्रेने करावा. जेवण हलके झाले असेल तर सकाळीच, शौचानंतर, नेहमीची मात्रा घ्यावी. समारंभास जावयाचे असल्यास तीच मिनिटे घर ते स्थानक चालून दोन वेळांत विभागावीत. दुपारची झोप ग्रीष्म वगळता टाळावी, हे सांगावेच लागते. ऐकले मात्र क्वचितच जाते.

रविवारी जो जास्तीचा वेळ मिळतो, तो व्यायाम वाढविण्यात न घालता अभ्यंगास द्यावा, असे माझे मत अनुभवाने बनले आहे. दिनचर्येत अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन, स्नान असा क्रम आहे. रोज तो कोणास जमत नाही. कफप्रकोप व अजीर्ण नसताना रविवारी कोमट तिळतेलाचा सर्वांगास अभ्यंग, मग ठरलेली मात्रा, नंतर अंग रगडून स्नान, हे जमते. उरलेले दिवस शिर, कान व पाय यांपुरता अभ्यंग पुरे.

पावसाळी भटकंतीविषयी दोन शब्द. जून ते सप्टेंबर कर्जत, कसारा, लोणावळ्याकडे जाणाऱ्या पहिल्या गाड्या रविवारी तरुणांनी भरलेल्या असतात. वर्षाऋतूत अग्नी मंद, वात प्रकुपित, आणि ऋतुचर्येत आयास वर्ज्य. नेमका तेव्हाच वर्षातील सर्वाधिक चढ चढला जातो. उलट २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन साधारणतः जानेवारीत होते, व तो काळ शास्त्रास अनुकूल आहे. धडधाकट तरुणास मी पावसात डोंगरावर जाऊ नको म्हणत नाही. सोमवारी गुडघा धरून येणाऱ्या चाळिशीतल्यास मात्र पुढचा गड हेमंतात करावयास सांगतो व तोवर पादांशिक क्रमाने चालावयास लावतो.

पादांशिक क्रमातील दिवसांच्या अंतराविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. व्यवहारात मी एकेक आठवड्याचे अंतर धरतो. बोरिवलीच्या त्या रुग्णास हृद्रोगतज्ज्ञाची अनुमती मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात ठरलेल्या मात्रेचा एक पाद, तोही सातही दिवस, असे लिहून दिले. चौथ्या आठवड्यात तो पूर्ण मात्रेवर आला, आणि दर ऋतुसंधीला ती मात्रा पुन्हा मोजली जाते. आता तो उद्यानात जातो, पण लेण्यांच्या बराच अलीकडून परततो. केसपेपरवर ‘व्यायाम’ या शब्दापुढे मी आता तीन रकाने ठेवले आहेत : मिनिटे, धाप लागल्यावर थांबतो की नाही, आणि शनिवारी रात्री काय जेवला.