छत उघडणारी जुनी गाडी घ्यावी का?

प्रश्न : छत कापलेली फियाट ११०० स्वस्तात मिळतेय. घेऊ का?
– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : मुळीच नको. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही. छतही सांगाड्याचाच भाग. ते कापलं की दारं नीट बसत नाहीत. त्यापेक्षा मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड शोधा : स्वतंत्र चासी, बोल्टवर बसवलेलं छत. इंजिन ९४८ सीसीचं, तेव्हा तिला स्पोर्ट्‌स कार म्हणणं जरा धाडसाचंच! खालून चासी टोचून पाहा; समुद्राची खारी हवा तिथे गंज धरवते. आरसीवरचा चासी नंबर जुळेपर्यंत बयाणा देऊ नका. २०२१च्या नियमांनुसार विंटेज गाड्यांसाठीची ‘व्हीए’ नोंदणी ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते. शुल्क २०,००० रुपये, आणि त्या नंबरावर रोज ऑफिसला जाता येत नाही.