रिकामी धावणारी गाडी : बफेलो शहराचा एक हिशेब

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला बफेलो नावाचे शहर आहे. तेथील मेन स्ट्रीट या हमरस्त्यावरून दोन-तीन डब्यांची एक विजेची गाडी रस्त्याच्या मधोमध धावते. दुपारच्या वेळी तिच्यात पुष्कळदा बाके रिकामी दिसतात. ही गाडी बांधण्यात सार्वजनिक पैसा योग्य प्रकारे खर्च झाला काय, आणि ती पुढे चालू ठेवावी काय, असे दोन प्रश्न गेली जवळजवळ चार दशके विचारले जात आहेत. हे दोन प्रश्न एकच आहेत असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ते वेगळे आहेत, आणि त्यांची उत्तरेही वेगळी येऊ शकतात.

प्रथम गाडीची ओळख करून घेणे इष्ट. ‘लाइट रेल’ या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था जुनी ट्राम आणि उपनगरी रेल्वे यांच्या मधली आहे. डबे ट्रामपेक्षा मोठे, थांबे दूरदूर, आणि मार्ग बहुतांशी स्वतंत्र. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा होणारा विरोध रबरी टायर आणि डांबरी रस्ता यांच्यामधील विरोधापेक्षा कित्येक पटींनी कमी असतो. त्यामुळे एकच चालक जोडलेले अनेक डबे थोड्या शक्तीत ओढून नेऊ शकतो. हा लाभ मोठा खरा, परंतु तो डबे भरलेले असतील तेव्हाच पदरात पडतो.

बफेलोचा मार्ग १०.३ किलोमीटर लांबीचा आहे. त्यातील शहराच्या मध्यभागातला सुमारे २ किलोमीटरांचा भाग रस्त्याच्या पातळीवर असून उरलेला, निवासी वस्त्यांखालचा भाग, चुनखडीच्या कठीण खडकातून खोदलेल्या भुयारात आहे. जगातील बहुतेक शहरांत याच्या नेमके उलट आढळते : गर्दीच्या मध्यभागी भुयार, आणि बाहेर मोकळी वाट. बफेलोमध्ये हा विपरीत क्रम पडला याचे कारण असे की, मूळ योजनेत वस्त्यांवरून उंच पुलावरून गाडी न्यावयाची होती. तिला रहिवाशांनी विरोध केला, आणि रूळ जमिनीखाली गेले. बांधकामास १९७९ मध्ये आरंभ झाला. भूपृष्ठावरील भाग १९८४ मध्ये व भुयारी भाग १९८५ मध्ये सुरू झाला, आणि १९८६ मध्ये मार्ग विद्यापीठाच्या जुन्या आवारापर्यंत पोहोचला. ज्या नव्या आवारात विद्यापीठाचा मोठा विस्तार झाला ते उपनगर अ‍ॅमहर्स्ट मात्र मार्गाच्या बाहेरच राहिले. उपनगराकडे निघालेली वाट शहराच्या वेशीवरच थांबली, असेच म्हणावे लागेल.

आता आकडे पाहू. अमेरिकेच्या परिवहन खात्यासाठी डॉन पिक्रेल यांनी १९८९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या रेल्वे मार्गांबाबत आधी केलेले अंदाज आणि प्रत्यक्ष अनुभव यांची तुलना त्यात होती. बफेलोच्या मार्गावरून कामकाजाच्या दिवशी ९२,००० उतारू जातील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जात होते २९,२००. बांधकामाचा खर्च १९८८ च्या डॉलरमध्ये ४७ कोटी ८० लाख होईल असे सांगितले गेले होते. तो ७२ कोटी २० लाख झाला. म्हणजे उतारू अंदाजाच्या एक तृतीयांशाहून कमी, आणि खर्च दीडपट.

अंदाज इतका का चुकला? शहराकडे पाहिले म्हणजे अर्धे उत्तर मिळते. १९५० मध्ये बफेलोची लोकसंख्या ५,८०,१३२ होती; १९८० मध्ये ती ३,५७,८७० झाली आणि २०१० मध्ये २,६१,३१०. पश्चिमेकडील धान्य सरोवरातून बोटींनी येई व येथे उतरवून पुढे रवाना होई, यावर हे शहर वाढले होते. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स नदीचा जलमार्ग खुला झाला आणि समुद्रगामी जहाजे बफेलोला वळसा घालून सरळ जाऊ लागली. पुढे शेजारच्या लॅकवॅनातील पोलाद कारखानाही बंद पडला. जे उरले त्यांतील पुष्कळ लोक मोटारी घेऊन उपनगरांत राहावयास गेले. ज्या गर्दीसाठी भुयार खोदले ती गर्दी भुयार पुरे होण्यापूर्वीच पांगू लागली होती.

उरलेले अर्धे उत्तर अधिक अप्रिय आहे. बांधकामाच्या पैशाचा फार मोठा वाटा संघराज्य सरकार देणार होते. अशा वेळी अंदाज मोठा सांगितल्याने स्थानिक अधिकाऱ्यांचे काही बिघडत नाही, उलट योजना मंजूर होण्यास मदतच होते. पिक्रेल यांनी ज्या दहा मार्गांची तपासणी केली त्यांतील एकाही मार्गावर अंदाजाइतके उतारू आलेले नव्हते. सर्वांचीच चूक एकाच दिशेने व्हावी, हा योगायोग मानणे कठीण आहे.

असे असले तरी ‘अंदाज चुकला’ म्हणजे ‘गाडी निरुपयोगी ठरली’ असे नव्हे. याच अभ्यासातील पोर्टलंड शहराचा मार्ग यशस्वी म्हणून वाखाणला जातो. तो सुमारे २४ किलोमीटरांचा असून त्यावर दिवसाला १९,७०० उतारू होते. म्हणजे दर किलोमीटरमागे सुमारे ८००. बफेलोत हाच आकडा सुमारे २,८०० येतो. रुळांच्या लांबीवर भागिले तर बदनाम झालेली गाडी नावाजलेल्या गाडीच्या तिपटीहून अधिक कामाची ठरते! परंतु बांधकामाच्या खर्चाला दैनिक उतारूंनी भागिले की चित्र पुन्हा पालटते : बफेलोत प्रत्येक दैनिक उतारूमागे सुमारे २४,७०० डॉलर, आणि पोर्टलंडमध्ये सुमारे १३,५००. दोन्ही भागाकार बरोबरच आहेत. भाजक कोणता घ्यावा, हे विचारलेल्या प्रश्नावरून ठरते.

आता खरा पेच. मार्ग बांधावा की नाही, हे १९७० नंतरच्या दशकात ठरवावयाचे होते. तेव्हा ७२ कोटी डॉलर आणि २९,२०० उतारू हे आकडे ठाऊक असते, तर त्या पैशातून बसगाड्यांचे जाळे वाढविणेच बहुधा अधिक शहाणपणाचे ठरले असते. मार्ग आज चालू ठेवावा की नाही, हा मात्र निराळा हिशेब आहे. भुयार खोदण्यास लागलेला पैसा गाडी बंद केल्याने परत मिळत नाही. विहिरीला लागलेले पाणी थोडे निघाले म्हणून ती बुजविल्याने खणावळ हाती येत नाही, तसेच हे. म्हणून त्या खर्चाला या हिशेबात स्थानच नाही. तुलना करावयाची ती पुढे होणाऱ्या खर्चाची : चालकांचे वेतन, वीज, रुळांची व डब्यांची दुरुस्ती, आणि जुने झालेले डबे बदलणे.

यातही एक बारकावा आहे. समजा, एका फेरीला १,००० रुपये खर्च येतो. गाडीत १०० माणसे असतील तर माणशी १० रुपये पडतात, २५ असतील तर ४०. पण रिकाम्या बाकावर आणखी एक माणूस बसला तर खर्चात जवळजवळ काहीच भर पडत नाही. मध्यभागातील भूपृष्ठावरचा प्रवास आरंभापासून विनामूल्य ठेवण्यात आला, यामागे हेच तत्त्व दिसते. मात्र डबा घसाऱ्याने निकामी होऊन नवा घेण्याची वेळ येते तेव्हा हा युक्तिवाद लंगडा पडतो. त्या दिवशी तो पैसा बुडालेला नसतो, हातात असतो, आणि त्यातून किती बसगाड्या येतील हे विचारणे भाग पडते.

आणखी काही गोष्टी रुपया-डॉलरांत सहज मांडता येत नाहीत. बफेलोत हिमवर्षाव प्रचंड होतो, आणि रस्ते बर्फाखाली गेले तरी भुयारातील रुळांवर बर्फ साचत नाही. शहरातील अनेक कुटुंबांकडे मोटार नाही. नोकरी, दवाखाना आणि महाविद्यालय यांच्याशी त्यांना जोडणारा धागा हाच. दुसऱ्या बाजूस मेन स्ट्रीटच्या दुकानदारांचे गाऱ्हाणेही खोटे नव्हते. बांधकामाने रस्ता वर्षानुवर्षे उखडलेला राहिला, नंतर तेथे मोटारींना बंदी झाली, आणि एकामागून एक मोठी दुकाने मिटली. ती गाडीमुळे मिटली की गिऱ्हाईक उपनगरांत गेल्यामुळे, याचा वाद तेथे अजून संपलेला नाही. गाडी नसलेल्या अनेक अमेरिकन शहरांतही त्याच काळात मध्यभागाची दुकाने बंद पडली, हे लक्षात घेता सारा दोष रुळांवर टाकणे न्याय्य दिसत नाही. पुढे मोटारींवरील बंदी टप्प्याटप्प्याने उठविण्यात आली आणि रुळांवरून मोटारी व गाडी दोन्ही जाऊ लागली.

रूळ एकदा बसले की हलत नाहीत, हा त्यांचा दोष मानला जातो. बसचा मार्ग मात्र आदेश निघताच बदलता येतो. पण याच अचलपणामुळे इमारती रुळांकडे येऊ शकतात. २०१७ च्या अखेरीस विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय मेन स्ट्रीटवरील नव्या इमारतीत आले. ही इमारत भुयारी मार्गाच्या ॲलन स्ट्रीट स्थानकावरच उभी आहे, आणि स्थानकाचे दार तिच्या आतच उघडते. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,७८,३४९ भरली. १९५० नंतर प्रथमच ती आधीच्या गणनेपेक्षा वाढली होती. अ‍ॅमहर्स्टपर्यंत रूळ नेण्याची जुनी योजनाही पुन्हा अभ्यासास घेण्यात आली आहे. तिचा हिशेब आरंभापासून नव्याने मांडावा लागेल, कारण तेथे अजून एकही डॉलर जमिनीत पुरलेला नाही.