खुणेवरून संत ओळखावा

वारकऱ्याच्या मुखात संतांची नावे अखंड असतात. पहाटे काकड्याला, सायंकाळी हरिपाठाला, रात्री कीर्तनाला नावांचा घोष चालूच असतो. परंतु नाव घेणे निराळे आणि ओळख असणे निराळे. एखाद्याचे नाव ठाऊक आहे, पण तो कोठला, कोणाचा, त्याने काय सोसले हे ठाऊक नाही, तर त्याच्या शब्दाचे वजन आपल्याला कसे कळावे? म्हणून या पाठात आम्ही खुणा सांगणार, नाव वाचकांनी सांगावयाचे. संत सगळे आपल्या छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्याशी नाते असलेले घेतले आहेत.

आधी ओळखण्याची रीत पाहू. बाजारात गाय हरवली आणि मालक नुसता म्हणाला, "पांढरी गाय हो!" तर ती सापडेल का? पांढऱ्या गाई शंभर असतात. "डावा कान फाटका, कपाळावर चांद" म्हटले की बाजारात ती एकच उरते. तद्वत् "थोर भक्त होते, देव त्यांना भेटला" ही खूण नव्हे, ती सर्वच संतांना लागू पडते. खूण ती, जी दुसऱ्या कोणाला लागत नाही. ती चार ठिकाणी शोधावी: ठाव, काळ, नाममुद्रा आणि त्या एकालाच घडलेली गोष्ट.

खूण पहिली. जन्म चाळीसगावचा. चाकरी निजामशाहीची, हाती देवगिरीच्या किल्ल्याचा कारभार, आणि चित्त मात्र दत्तचरणी. त्यांच्या स्वतःच्या रचना थोड्यांच्या तोंडी आहेत, तरी त्यांचे नाव रोज हजारो वारकरी उच्चारतात. सांगा बरं, कोण?

हे जनार्दनस्वामी. शेवटच्या खुणेचा उलगडा नाममुद्रेत आहे. शिष्याने अभंगाच्या शेवटी नुसते आपले नाव घातले नाही, गुरूचे नाव त्याला जोडून 'एका जनार्दनी' अशी मुद्रा केली. आपण नाथांचा अभंग म्हणतो तेव्हा देवगिरीच्या किल्लेदाराचेही स्मरण होत असते, आणि पुष्कळांना ते ठाऊकही नसते! प्रपंचातला कारभार चोख ठेवून परमार्थ साधता येतो, याला याहून जवळचा दाखला कोणता?

खूण दुसरी. आता शिष्याकडे वळू. इथे "गाढवाला गंगेचे पाणी पाजले" असे सांगितले तर लहान मूलही ओळखील. म्हणून कठीण खुणा घ्या. एका पैच्या चुकीसाठी रात्रभर हिशेब तपासीत बसले, अशी त्यांची कथा सांगतात. एक मोठा ग्रंथ त्यांनी इ. स. १५७३ मध्ये काशीस पूर्ण केला. आणि १५८४ मध्ये दुसऱ्याच्या ग्रंथातले अपपाठ काढून त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली.

हे पैठणचे एकनाथ महाराज. काशीस पुरा झालेला ग्रंथ म्हणजे एकनाथी भागवत आणि शुद्ध केला तो ज्ञानेश्वरी. आता या तिन्ही खुणा शेजारी शेजारी ठेवून पाहा. हिशेबातली एक पै ज्याला झोपू देत नाही, त्यालाच ज्ञानेश्वरीतला चुकीचा शब्द सलणार! तिघांमागे एकच स्वभाव आहे. तीनशे वर्षे हातोहात नकला होताना ग्रंथात जे भलते शब्द घुसले होते, ते नाथांनी निवडून काढले. आज आपण पारायणाला बसतो त्या पोथीमागे हे कष्ट आहेत.

फाल्गुन वद्य षष्ठी हीदेखील नाथांची खूण. परंपरेने जनार्दनस्वामींचा जन्म आणि समाधी, नाथांना झालेला अनुग्रह आणि नाथांची १५९९ मधील जलसमाधी हे सर्व याच तिथीला मानतात. गोदावरीवर जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पुरे झाले, त्या जलाशयाला नाथसागर नाव दिले गेले.

खूण तिसरी. पूर्वजांचे गाव पैठणजवळचे, गोदाकाठचे. संन्याशाची पोरे म्हणून भावंडांना पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले. देवगिरीच्या यादव राजाचे नाव त्यांच्या ग्रंथाच्या शेवटी येते. हे सोपे आहे. आपेगावचे ज्ञानदेव माउली. परंतु यातली काळाची खूण नीट पाहा. ज्ञानेश्वरी नेवाशास १२९० मध्ये झाली, तेव्हा देवगिरीवर रामचंद्र यादवाचे राज्य होते. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची धाड देवगिरीवर आली आणि त्याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींनी आळंदीस समाधी घेतली. राज्य गेले, पण जी भाषा माउलींनी उभी केली तिला कोणी धक्का लावू शकले नाही. नुसते सन पाठ करण्यात अर्थ नाही. दोन सन शेजारी ठेवले म्हणजे ते बोलू लागतात.

खूण चौथी. येथे जरा थांबून वाचावे. जन्म १६२८ चा, वेरूळच्या परिसरातील देवगावचा. खेळण्याच्या वयात लग्न झाले, नवरा बिजवर, वयाने कितीतरी मोठा. भाऊबंदांच्या कटकटीमुळे आईबाप, जावई आणि ही पोर असे सगळे गाव सोडून निघाले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे फिरत कोल्हापुरास आले. तिथे दान मिळालेल्या गाईचे वासरू या मुलीला इतके लळले की कथेलाही तिच्या मागे येऊन उभे राही. जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडले आणि मनाने तोच गुरू केला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे हे नवऱ्याला सहन झाले नाही. त्याने मारहाण केली. तरी तिने गुरू सोडला नाही आणि नवराही सोडला नाही. पुढे नवऱ्याचे मन पालटले आणि सगळे देहूला गेले. तुकोबांना ज्याने छळले त्या मंबाजीचा जाच तिथे हिलाही झाला. शेवट १७०० मध्ये वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे.

ओळखलंत? संत बहिणाबाई. मुद्रा 'बहिणी म्हणे'. वारकरी पंथ म्हणजे एक देवालय, त्याचा पाया ज्ञानदेवांनी घातला आणि कळस तुकोबा झाले, हा जो दृष्टांत प्रत्येक कीर्तनकार सांगतो, तो हिच्याच नावावरच्या अभंगातला. दृष्टांत सर्वांना पाठ, आणि तो सांगणारी बाई मात्र ठाऊक नाही, अशी स्थिती आहे. आणखी एक विशेष असा की वरच्या साऱ्या खुणा कोणा चरित्रकाराने गोळा केलेल्या नाहीत. बहिणाबाईंनी आपली कथा स्वतःच अभंगात सांगून ठेवली. तीनशे वर्षांपूर्वीची एक स्त्री आपला मार, आपले भय आणि आपला निश्चय आपल्या तोंडाने सांगते, ही लहान गोष्ट आहे का?

आता जेथे चूक होते ते स्थळ सांगतो. बहिणाबाई नावाच्या दुसऱ्या एक थोर कवयित्री खानदेशात होऊन गेल्या. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८० चा जळगावजवळील आसोद्याचा, मृत्यू १९५१. त्या निरक्षर होत्या. शेतात राबताना, जात्यावर दळताना गाणी रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती जपली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव दिलेले आहे. नाव एक, त्यात मुलाचे नावही संताचे! मग एकीचे गाणे दुसरीच्या नावावर सांगितले जाते, एकीच्या चित्राखाली दुसरीचे चरित्र येते. म्हणाल, "दोघीही थोर, बिघडले कुठे?" अहो, बिघडते. चौधरींची कविता खानदेशच्या बोलीतली, काळ्या मातीतून आलेली. तिला अभंग म्हटले तर तिचा शेतकरी बाणा झाकतो. आणि संत बहिणाबाईंना जात्यावरची कवयित्री म्हटले तर तुकोबांना गुरू करण्यासाठी खाल्लेला मार पुसला जातो. दोघींचे एक करणे म्हणजे दोघींनाही गमावणे.

खुणा लावा, घोळ उरत नाही. ठाव: देवगाव-शिऊर की आसोदे-जळगाव. काळ: दोघींमध्ये अडीचशे वर्षे. मुद्रा: 'बहिणी म्हणे' आहे का. गोष्ट: तुकोबा, वासरू, कोल्हापूर येतात का.

असाच घोळ 'नामा' या मुद्रेचा. ज्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत ते नामदेव महाराज ज्ञानदेवांचे सोबती. महाभारत ओवीत आणणारा विष्णुदास नामा पुढे नाथांच्या काळातला. मुद्रा सारखी, म्हणून गाथेत दोघांची सरमिसळ झाली. तेव्हा एकट्या मुद्रेवर विसंबू नये, दुसरी खूण ताडून पाहावी. अभंगात ज्ञानदेवांची प्रत्यक्ष संगत आहे की नंतरच्या काळची भाषा आहे, हे पाहावे.

दिंडीतल्या मंडळींनी हा अभ्यास मुक्कामावर करावा. एकाने खूण सांगावी, बाकीच्यांनी नाव. नुसते नाव सांगून भागवू नये, "कशावरून?" असे विचारावे. लहान मुलांना यात फार गोडी वाटते. जाताना देवगिरी, आपेगाव, शिऊर वाटेवर असेल तर तिथे क्षणभर थांबून हे स्थळ कोणाचे ते सांगावे.

घरच्या अभ्यासासाठी तीन खुणा:

१. विजयनगरास गेलेली विठ्ठलमूर्ती यांनी परत पंढरीस आणली असे परंपरा सांगते. नाथ यांचे पणतू.

२. आईचे वडील पैठणचे थोर संत. स्वतः महाभारताची पर्वे मराठीत रचली.

३. थोरला भाऊ, तोच गुरू, समाधी त्र्यंबकेश्वरी.

उत्तरे पुढील अंकी. तोवर प्रत्येक उत्तरामागे "कशावरून" लिहून ठेवा.

रामकृष्णहरि.