बिले शोधणाऱ्या एजंटसाठी टूलचे वर्णन



बिलांच्या नोंदी काढून देणाऱ्या एआय एजंटला डेटाबेस दिसत नाही, टूलमागचा कोडही दिसत नाही. टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यायची याची चौकट, एवढ्यावरून तो काम चालवतो. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग आणले तेव्हा हीच रचना होती. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही मूळ घडण तीच आहे. वर्णनात जे राहून जाते ते एजंट अंदाजाने भरतो. बिलांच्या कामात हा अंदाज महागात पडतो, कारण चुकीचे बिलही बरोबर बिलासारखेच दिसते. त्यावर क्रमांक असतो, तारीख असते, रक्कमही असते.

वर्णनाची सुरुवात टूल काय देते इथून करावी आणि लगेच ते काय देत नाही हेही लिहावे. ग्राहक विचारतो, ‘मार्चमध्ये माझे किती झाले?’ त्याला मार्चमध्ये निघालेले बिल हवे आहे की मार्चमध्ये भरलेले पैसे? दोन्हींसाठी वेगळी टूल असतील आणि दोन्हींच्या वर्णनात ‘ग्राहकाच्या बिलिंगची माहिती देते’ एवढेच असेल, तर एजंटला निवडायला आधारच उरत नाही. ‘हे टूल काढलेली बिले देते, जमा झालेल्या रकमा आणि परतावे देत नाही, त्यासाठी पेमेंट शोधण्याचे टूल वापरावे’ हे वाक्य सगळ्यात उपयोगी, आणि बहुतेक वेळा तेच लिहायचे राहते.

बिल क्रमांक वाटतो तितका साधा नाही. भारतात केंद्रीय जीएसटी नियम ४६ प्रमाणे कर-बिलाचा अनुक्रमांक जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा असतो, त्यात अक्षरे, आकडे, आडवी व तिरकी रेघ चालते, आणि तो एका आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो. पुढच्या वर्षी तोच क्रमांक पुन्हा येऊ शकतो. म्हणून नुसता क्रमांक मागणारे टूल दोन वर्षांची दोन बिले समोर ठेवील, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्यातले एक गुपचूप निवडील. क्रमांकासोबत आर्थिक वर्ष मागावे आणि ते कसे लिहायचे तेही दाखवावे: ‘२०२४-२५, म्हणजे १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५’. क्रमांकाचा प्रकार मजकूर ठेवावा. संख्या ठेवला तर ‘००४५२’ चे ४५२ होते आणि बिल सापडत नाही.

तारखेचेही तसेच. ०४/०५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल, हा घोळ वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठरवून टाळता येतो. वेळेचा घोळ अधिक लपलेला असतो. भारतात १ एप्रिलला पहाटे दोन वाजता निघालेले बिल यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे ३१ मार्चच्या रात्री साडेआठचे ठरते, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात जाते. तारीख कोणत्या वेळेप्रमाणे धरली आहे आणि दोन्ही टोकांचे दिवस मोजले जातात का, हे वर्णनात स्पष्ट हवे.

रकमेचे एकक कधीही गृहीत धरू नये. स्ट्राइपसारख्या पेमेंट सेवा रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात देतात: २५०००० म्हणजे अडीच हजार रुपये. मात्र जपानी येनला लहान एककच नसल्याने तिथे २५०० म्हणजे २५०० येन. ‘शंभराने भागावे’ असे सरसकट लिहिणे म्हणूनच चूक.

उत्तर किती येते हेही सांगावे. स्ट्राइपच्या यादीत संख्या न सांगता एका वेळी दहा नोंदी येतात, सांगितली तर शंभरपर्यंत. हे ठाऊक नसलेला एजंट दहा बिलांची बेरीज करून तिला वर्षाची बेरीज म्हणतो, आणि तीही ठाम स्वरात. पुढची पाने आहेत हे कोणत्या खुणेवरून ओळखायचे ते लिहावे. रिकामी यादी म्हणजे ‘या काळात बिल नाही’. ग्राहक क्रमांक चुकला असेल तर रिकामी यादी न देता वेगळी त्रुटी द्यावी.

काही गोष्टी वर्णनात लिहून भागत नाहीत. ‘दुसऱ्या ग्राहकाची बिले दाखवू नयेत’ हे वाक्य म्हणजे कुलूप नव्हे. कोणाला काय दिसावे याची तपासणी सर्व्हरवरच व्हायला हवी, आणि ग्राहकाची ओळख शक्यतो लॉगिनवरून घ्यावी, एजंटकडून नव्हे.

लांबी बेताची असावी. तीन-चार वाक्यांहून कमी वर्णन बहुधा अपुरे पडते. फार लांब केले तर ते प्रत्येक विनंतीसोबत मॉडेलकडे जात राहते आणि जागा खाते. लिहून झाल्यावर बिलिंगच्या टेबलावर रोज येणारे प्रश्न एजंटला विचारावेत: ‘मागचं बिल परत पाठवा’, ‘दोनदा पैसे कापले गेले’, ‘क्रेडिट नोट कुठे आहे?’ त्याने कोणते टूल निवडले आणि त्यात काय भरले ते पाहावे. चूक झाली तर तळाशी नवी सूचना जोडण्याआधी, ज्या वाक्यामुळे गैरसमज झाला ते शोधून बदलावे. प्रत्येक बदलानंतर जुने प्रश्नही पुन्हा चालवावेत, कारण एका टूलचे वर्णन सुधारले की शेजारच्या टूलची निवड बिघडू शकते.