‘जातो’ म्हणाला, पण गेला नाही

अभ्यासपाठ : मत्तय 21:28-32
सोबत वाचा : याकोब 2:14-17



या पाठाची सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करतो. चाकणच्या पुढे एका वीटभट्टीवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे येतात आणि पावसाळ्याआधी परत जातात. घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांचे हात मातीतून निघत नाहीत. तेथे मुलांना शिकवायला आणि आजाऱ्यांची विचारपूस करायला मी जातो. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी एक आई तापाने फणफणलेले बाळ घेऊन माझ्याकडे आली. “दादा, दवाखान्यात नेता का?” मी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणालो, “उद्या सकाळी येतो, आपण जाऊ.”

रविवारी उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडे होते. नंतर समितीची सभा झाली, मग जेवण झाले. मी गेलो नाही.

सोमवारी कळले की रविवारी रात्री बाळाला झटके आले. जवळच्या चाळीत राहणारा एक तरुण सेकंड शिफ्ट करून परतत होता. त्याने मायलेकरांना मोटारसायकलवर बसवले आणि पिंपरीला वायसीएममध्ये नेले. देवाच्या कृपेने बाळ वाचले. तो तरुण कधी चर्चची पायरी चढलेला नाही. माझ्या गाडीवर ‘येशू तारतो’ असे स्टिकर आहे. त्याच्या गाडीवर काहीच नव्हते. ती आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, “तुम्ही येतो म्हणालात, म्हणून दिवसभर वाट बघितली.”

म्हणजे माझ्या ‘येतो’ने तिचा एक दिवस वाया गेला. मी काहीच बोललो नसतो तर ती दुसऱ्या कोणाकडे गेली असती.

1. दोघेही मुलगेच होते

प्रभूने हा दाखला यरुशलेमच्या मंदिरात, मुख्य याजकांना आणि वडीलजनांना सांगितला. एक मुलगा आदराने ‘जातो’ म्हणाला, पण द्राक्षमळ्यात गेला नाही. दुसरा ‘जात नाही’ म्हणाला. नंतर त्याला पस्तावा झाला आणि तो गेला. मुलगा हे नाव दोघांनाही होते. प्रभूने विचारले ते एवढेच, की बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केले? आपली उपासना, आपले ‘आमेन’, आपले नाव मंडळीच्या रजिस्टरात असणे, हे सर्व ‘जातो’ म्हणणेच आहे. ते म्हणणे चुकीचे नाही. तेथेच थांबणे चुकीचे आहे.

2. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचे केडगाव आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे झाला. परत आल्यावर 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. इतके करूनही, 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे पुस्तक वाचले होते. त्याचे स्वतःचे मन पालटले ते पाळक झाल्यानंतर, व्यासपीठावर उपदेश करीत असताना.

रमाबाईंनी बाप्तिस्मा टाकून दिला नाही, ख्रिस्ती नावही टाकले नाही. नावामागे जो होता त्याला त्यांनी शोधले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेली ही स्त्री ‘जातो’ म्हणून थांबली नाही.

3. टॅग आणि गेज

आपल्यापैकी अनेक जण भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत आहेत. क्वालिटी विभागातल्यांना ठाऊक आहे की ट्रेवर ‘ओके’चा टॅग असला तरी गेज लावल्याशिवाय खात्री होत नाही. गेज पार्ट चांगला करीत नाही. तो कसा आहे ते दाखवते. सत्कृत्यांचेही तसेच आहे. त्यांनी तारण विकत मिळत नाही. तारण कृपेने, विश्वासाने मिळते. पण विश्वास जिवंत आहे की नाही, हे त्यांच्यावरून दिसते. उघड्या-उपाशी भावाला नुसते चांगले शब्द देऊन वाटेला लावणाऱ्याविषयी याकोब बोलतो. त्या ओळींत मला भट्टीवरचा मी दिसतो.

4. आपल्या सेवेसाठी

काही हितचिंतक प्रेमाने विचारतात, “या वर्षी किती जण प्रभूत आले?” पाड्यावर औषध, शिकवणी, जातीच्या दाखल्याची किंवा रेशनकार्डाची मदत करताना आपण कोणाचा धर्म विचारत नाही आणि विचारूही नये. मदतीच्या बदल्यात घेतलेले नाव म्हणजे आणखी एक टॅग. मन पालटणे हे देवाचे काम आहे. आपले काम, सांगितलेल्या दिवशी जाणे.

मी त्या आईची माफी मागितली. प्रभूजवळ क्षमा मागणे सोपे गेले. तिच्यासमोर उभे राहणे अवघड होते. पण पस्तावा होऊन नंतर गेलेल्या मुलालाही बापाच्या मळ्यात काम मिळाले, हीच माझी आशा आहे.

कुटुंबात किंवा प्रार्थना गटात चर्चेसाठी

- मी कोणाला ‘येतो’, ‘करतो’ म्हणालो आणि ते राहून गेले?
- शेजारी मला ख्रिस्ती म्हणून कशावरून ओळखतात, नावावरून की वागण्यावरून?
- चर्चबाहेरच्या कोणाकडून या महिन्यात मी प्रीती शिकलो?

प्रार्थना : हे प्रभू, तुझे नाव आमच्या ओठांवर आहे, ते आमच्या पावलांतही येऊ दे. जेथे आम्ही गेलो नाही, तेथे आज जाण्याची बुद्धी दे. आमेन.