सातासमुद्रापलीकडच्या कुस्तीची वर्गणी

वर्गणी हा शब्द आपल्या गंगापूर तालुक्यात कोणाला शिकवावा लागत नाही. हरिनाम सप्ताह असो वा यात्रेतला कुस्त्यांचा हगामा असो, पावतीपुस्तक घेऊन चार माणसे दारी येतात आणि ज्याला जसे जमेल तसे तो देतो. या वर्गणीचा हिशेब सोपा असतो. देणारा स्वतः पंगतीला बसतो, हगाम्यात कडेला उभा राहून कुस्ती पाहतो. आपला पैसा कोणत्या इनामात गेला हे त्याला डोळ्यांनी दिसते. परंतु जी कुस्ती हजारो मैलांवर, आपण कधी न पाहिलेल्या गावी व्हावयाची आहे, तिच्यासाठी माणसे वर्गणी का देतात? आपल्या महाराष्ट्राच्या क्रीडेतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याजोगी उदाहरणे आहेत. त्यांतील एकाचा येथे जरा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

पहिले उदाहरण 1920 सालचे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी खेड्यांतली पोरे पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या मनात आले की, यांना ऑलिंपिकला पाठवावे. त्यांनी पदरचे पैसे घातले, इतरांकडूनही जमवले आणि मोजके धावपटू व दोन मल्ल अँटवर्पला गेले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. मल्ल रणधीर शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले. पुढे 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनला जाऊन कबड्डी आणि इतर देशी खेळ जगाला दाखवले. मात्र अशा सफरींच्या मागे बहुधा एखादा धनिक, एखादा संस्थानिक किंवा भक्कम संस्था उभी असे. हे पाठबळ नाहीसे झाले म्हणजे काय होते, ते खाशाबा जाधवांच्या हकिगतीत दिसते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी 1926 साली जन्मलेले खाशाबा दादासाहेब जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तेव्हा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तांबड्या मातीत वाढलेला हा मल्ल तेथे मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. सहावा क्रमांक म्हणजे अपयश असे आपण सहज म्हणतो. पण पायाखालची मातीच बदललेली असताना मिळवलेला तो सहावा क्रमांक होता, हे विसरू नये.

आता तारखांकडे लक्ष द्यावे. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु मल्लांना पोसणारा, परदेशी धाडणारा दरबारही त्याबरोबर संपला आणि त्याची जागा घेणारी सरकारी व्यवस्था अजून उभी राहिली नव्हती. नेमक्या या पोकळीत 1952 चे हेलसिंकी ऑलिंपिक आले. निवडीच्या वेळीच खाशाबांना झगडावे लागले. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत गुण देण्यात आपल्यावर अन्याय झाला, अशी दाद त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि तीत त्यांनी निरंजन दासला चीत केले. प्रतिस्पर्धी असा चीत करता येतो. प्रवासखर्च मात्र कोणत्याच डावाने चीत होईना.

मग सुरू झाली वणवण. खाशाबा गावोगाव हिंडले, लोकांनी यथाशक्ती दिले. मुंबई राज्याच्या सरकारकडेही विनंत्या झाल्या. तरीही जुळणी होईना. अखेर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आजच्या वाचकास ही रक्कम क्षुल्लक वाटेल. त्या काळी दहा ग्रॅम सोने शंभर रुपयांच्या आत मिळत असे, हे ध्यानी घेतले म्हणजे प्राचार्यांनी काय पणाला लावले याची कल्पना येईल. आपल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर सही करणे निराळे आणि त्याच्यासाठी सावकाराच्या कागदावर सही करणे निराळे!

वर उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते असे मला वाटते. ज्यांनी दिले त्यांना हेलसिंकी नकाशावर दाखवता आले नसते. पण दादासाहेबांचा हा पोर आखाड्यात घाम गाळतो, हे त्यांना ठाऊक होते. वर्गणी स्पर्धेला मिळाली नाही, ओळखीच्या माणसाला मिळाली. म्हणूनच अनोळखी पेढीवरच्या अर्जांपेक्षा गावातली फेरी अधिक फळते. पण यातच तिची मर्यादाही आहे. गाव ओळखीपुरते देते, आणि ओळखीपुरता पैसा तिकिटापुरता पुरतो.

हे तिकिटापुरतेपण हेलसिंकीत फार महाग पडले. खाशाबांनी बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लढत लांबली आणि ती ते हरले. दमलेल्या अंगाने मॅटवरून उतरतात न उतरतात तोच सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोवशी लढण्यास त्यांना बोलावण्यात आले. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. परंतु हा नियम पंचांना बजावून सांगण्यास त्या वेळी तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता! खाशाबा ती लढत हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला 1996 पर्यंत, लिअँडर पेसच्या कांस्यपदकापर्यंत, थांबावे लागले.

खाशाबांच्या गोष्टीतील वर्गणीचे आपण भाषणांतून फार कौतुक करतो. मला ते पुरते रुचत नाही. ज्याने सरावात घालवावयाचे दिवस दारोदार फिरण्यात गेले, त्याच्या त्यागाचे गुणगान करताना ते दिवस कोणी खर्ची घातले हेही विचारले पाहिजे. महाविद्यालयांच्या जिमखाना समित्यांनीही यातून एक व्यावहारिक गोष्ट घ्यावी. खेळाडू बाहेर पाठवताना अंदाजपत्रकात केवळ गाडीभाडे न धरता सोबतच्या जाणत्या माणसाचा खर्च आधी धरावा. नियम वाचलेला एक शिक्षक मैदानाच्या कडेला असणे ही चैन नव्हे. परिस्थिती आता बरीच सुधारली आहे, यात शंका नाही. 2024 साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा राज्य सरकारने एक कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले. तथापि बक्षीस पदकानंतर येते आणि खर्च पदकाआधी करावा लागतो. हे अंतर अजूनही बहुतेक घरांत बापाच्या किंवा सावकाराच्या खिशातून भरून निघते.

खुद्द खाशाबांच्या वाट्याला सरकारी मान उशिराच आला. 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. 1984 च्या ऑगस्टमध्ये अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशक उलटल्यावर. गावाने मात्र उशीर केला नव्हता. हेलसिंकीहून परतलेल्या खाशाबांची कऱ्हाड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि एरवी काही मिनिटांत संपणाऱ्या त्या वाटेला सात तास लागले. मिरवणूक ओसरल्यावर खाशाबा पुन्हा कोल्हापूरच्या मातीत उतरले. कुस्त्या लावल्या, जिंकल्या, आणि त्यांच्या पैशातून प्राचार्य खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले.