शब्द तोच, अर्थ कोणता?

शास्त्रपाठ : रोम १:१३; १ थेस्सल ४:१३-१८; मत्तय २५:१४-३०; १ करिंथ १३:१-३

निपाणीच्या बाजारात किंवा बेळगावच्या बसस्थानकावर मराठी व कन्नड एकदमच कानावर पडतात. दोन्ही भाषांत पुष्कळ शब्द सारखे आहेत; परंतु अर्थ सारखा असतोच असे नाही. मराठीत ‘प्रपंच’ म्हणजे घरसंसार, कन्नडमध्ये अवघे जग. मराठीत ‘अनुमान’ म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. कन्नडमध्ये तोच शब्द संशय या अर्थाने येतो. समोरचा कोणत्या भाषेत बोलत आहे हे पाहूनच आपण अर्थ लावतो.

इंग्रजी पवित्र शास्त्र वाचताना मात्र हे भान सुटते. किंग जेम्स राजाच्या काळी झालेले भाषांतर १६११ साली निघाले. ते अजूनही अनेक घरांत आहे. आपली मुले शाळेत आजची इंग्रजी शिकतात आणि तिचेच अर्थ त्या जुन्या शब्दांना लावतात. येथे सीमा दोन भाषांची नसून दोन काळांची आहे. चार शब्द तपासून पाहू.

१. लेट : आज या शब्दाचा अर्थ ‘करू देणे’. जुन्या इंग्रजीत ‘करू देणे’ व ‘अडविणे’ या अर्थांचे दोन निराळे शब्द होते. पुढे दोघांचे रूप एकच झाले. रोमकरांकडे येण्याचा आपला बेत होता असे पौल लिहितो, तेथे हा शब्द ‘अडविणे’ या अर्थाने आहे. आजचा अर्थ घेतला तर वाक्य नेमके उलटे होते. टेनिसच्या खेळात सर्व्हिसचा चेंडू जाळ्याला लागून पलीकडे योग्य चौकोनात पडला की ‘लेट’ म्हणतात. तेथे जुना अर्थ अजून जिवंत आहे.

२. प्रिव्हेंट : आजचा अर्थ ‘होऊ न देणे’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पुढे येणे’. आपले जे मरण पावले ते प्रभूच्या येण्याच्या वेळी मागे तर राहणार नाहीत ना, ही थेस्सलनीकाकरांची चिंता होती. जिवंत असलेले त्यांच्या पुढे जाणार नाहीत, असे पौल सांगतो. दुःखितांचे सांत्वन करताना वाचावयाचा हा भाग आहे. एका शब्दाच्या गैरसमजाने ते सांत्वनच हरवते.

३. टॅलंट : आज ‘अंगचे कौशल्य’. मुळात हे वजनाचे व पुढे पैशाचे माप होते. एक टॅलंट म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. वर्षाला ३०० दिवस धरले तर वीस वर्षांची कमाई! ‘कौशल्य’ हा अर्थ या दृष्टान्तावरूनच इंग्रजीत पुढे रूढ झाला. पण दृष्टान्तात धनी प्रत्येकाला त्याच्या योग्यतेप्रमाणे टॅलंट देतो. म्हणजे टॅलंट ही योग्यता नव्हे, सोपविलेली ठेव आहे. “मला काही येत नाही” असे म्हणून ठेवीचा हिशेब चुकत नाही.

४. चॅरिटी : आज दानधर्म. लॅटिन मुळाचा अर्थ जिव्हाळा, प्रीती. टिंडेलने १५२६ साली येथे साधा ‘लव्ह’ हा शब्द घातला होता. १६११ च्या भाषांतरात ‘चॅरिटी’ आला. १८८१ च्या सुधारित भाषांतराने पुन्हा ‘लव्ह’ केला. आता तिसरे वचन पाहा. सर्व मालमत्ता गरिबांना देऊनही चॅरिटी नसेल तर लाभ नाही! आजच्या अर्थाने हे कोडेच ठरेल. देणगीची पावती हातात आहे, पण शेजारच्या बाकावरचा भाऊ दुसरी भाषा बोलतो म्हणून त्याच्याशी बोलणे नाही, अशा मनुष्याविषयी हे वचन आहे.

शब्दांचा असा शोध आपल्या भागाला नवा नाही. १८३१ साली बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ साली झाला. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीसाठी ते सर्वांना ठाऊक आहेत. पण मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्तीही त्यांनीच तयार केली. कोशाचे काम करणारा प्रत्येक शब्दापाशी थांबतो आणि विचारतो, “तू कोठून आलास?” शास्त्र वाचणाऱ्यानेही तसेच थांबावे. अर्थ विचित्र वाटला तर वचनाला दोष देण्याआधी, किंवा त्यावर नवी शिकवण उभारण्याआधी, तेच वचन मराठीत वाचावे. कन्नड येत असेल तर कन्नडमध्येही वाचावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. वरील चार वचने मराठीत वाचा. या शब्दांच्या जागी कोणते शब्द आहेत?
२. मराठीत व कन्नडमध्ये अर्थ निराळा असलेले आणखी तीन शब्द सांगा.
३. ‘चॅरिटी’चा जुना अर्थ आपल्या मंडळीत कोठे कमी पडतो?